आयत्या वेळचा विषय

सगळे विषय संपले, तेव्हा वेन्सलीने चष्मा काढून टेबलाभोवती नजर फिरवली. "रोंडव्राग," तो म्हणाला. "कुणाला काही?"

डच सभेतला हा शेवटचा भाग. आपल्याकडे 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असतात ना, तेच. फक्त इथे परवानगी लागत नाही. अध्यक्ष एकेकाला विचारतो आणि एकेक जण "काही नाही" म्हणून मोकळा होतो. रॉटरडॅममधल्या त्या समाजकेंद्राच्या वरच्या खोलीत शनिवारी दुपारी अकरा जण असेच मोकळे झाले.

"मला आहे," हेर्मिना म्हणाली.

हेर्मिना एकसष्ट वर्षांची, लहानपणी सुरिनामहून आलेली, निवृत्त नर्स. पोरंसोरं तिला तांते म्हणत, म्हणजे मावशी. कृष्णवर्णीयांची ही संघटना तिने आणि वेन्सलीने मिळून उभी केली होती. डिसेंबरच्या सणात तोंडाला काळं फासून मिरवणाऱ्या गोऱ्यांच्या सोंगांसमोर फलक धरला म्हणून वेन्सलीने मार खाल्ला, तेव्हा त्याच्या फुटलेल्या ओठाला बर्फ हिनेच लावला होता.

"मागच्या सभेत तू नाओमीला बोललास," ती म्हणाली. "पोरगी एवढंच म्हणाली होती की एक जुलैला, गुलामी संपल्याच्या दिवशी, दरवर्षी तेच चार पुरुष भाषणं करतात आणि बायका आत स्वयंपाकघरात पोमचे ट्रे भाजत बसतात. त्यावर तू काय म्हणालास? जिची आई गोरी, तिने आम्हाला शिकवू नये. तेव्हापासून ती आलेली नाही. वेन्सली, तिला बोलव आणि तिची माफी माग. इथे, सगळ्यांसमोर."

कुणी कपाकडे बघायला लागलं, कुणी फोनकडे. इतिवृत्त लिहायला भार्गवी होती, पुण्याची, युट्रेख्टला चळवळींवर प्रबंध लिहिणारी. तिचं पेन थांबलं.

"बाहेर लोक टपून बसलेत आपल्यात फूट पडायची वाट बघत," वेन्सली म्हणाला. "आणि तू त्यांना आयतं कोलीत देतेस?"

"बाहेर कुठे बोलतेय मी? परवा पेपरवाल्याचा फोन आला होता. त्याला म्हटलं, आमच्या घरातलं आहे, आम्ही बघू. म्हणून तर घरात बोलतेय!"

"ठीक आहे. ज्यांना हिचं पटतं त्यांनी हात वर करा."

हुशार माणूस. त्याला खोलीतली आपली माणसं ठाऊक होती. हात एकच वर गेला, हेर्मिनाचा, आणि तिला वाटलं, आता तो खाली तरी कसा आणायचा!

"मेव्राउ," वेन्सली म्हणाला. तीस वर्षं 'मिना' म्हणणारा माणूस! बँकेच्या खिडकीवर अनोळखी बाईला म्हणतात तसं, मेव्राउ. "नोंद घेतली." मग भार्गवीकडे वळून म्हणाला, "लिही. रोंडव्राग: काही नाही."

भार्गवीने लिहिलं.

हेर्मिना जाकीट घेऊन बाहेर आली. नवरा गेला तेव्हाही घर माणसांनी भरलेलं होतं. इतकं एकटं तिला तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं. जिना उभा आणि अरुंद. ती मधल्याच पायरीवर कठड्याला धरून उभी राहिली.

ढोल वाजवणारा ओर्लांडो खांदा घासत आला. "तांते, शंभर टक्के बरोबर बोललात हं," कानात म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पसार झाला. पाठोपाठ ट्रे भाजणाऱ्या दोघी बहिणी. त्यांनी आधी वर बघितलं, मग तिला घट्ट मिठी मारली. "अगं, आमचं तर किती वर्षांचं साचलंय!" मग भार्गवी आली, वही छातीशी धरून.

"तांते, मला फार वाईट वाटलं. तुमचंच खरं होतं. पण मी पडले बाहेरची, सभासदसुद्धा नाही, मी कशी..."

"मागच्या महिन्यात मीही नाओमीला इथेच गाठलं होतं," हेर्मिना म्हणाली. "हेच म्हटलं, तुझंच खरं होतं गं. तर ती म्हणाली, मग वर का नाही बोललात, तांते? त्या प्रश्नाने महिनाभर धड झोप नाही मला."

भार्गवीने वही आणखी घट्ट धरली. ती सॉरी म्हणाली आणि उतरून गेली.

शेवटी वेन्सली आला. "मिना," तो म्हणाला. पुन्हा मिना! "चुकलो मी. कळतं मला. उद्या पोरीला फोन करतो, माफी मागतो. पण तू सभेत काढायला नको होतंस."

"आणि तू तिला कुठे बोललास, वेन्सली? सभेतच ना?"

वर खुर्च्या एकावर एक रचल्याचा आवाज येत होता.

"अजून सहा-सात जण आहेत," ती म्हणाली. "वर चल. माझ्याबरोबर चल. दोन वाक्यं तर बोलायचीत." तिचा आवाज कापला, आणि तो कापला याचाच तिला राग आला.

वेन्सलीने वर बघितलं. कठड्याला हातही लावला. मग म्हणाला, "गुडघे दुखतात गं," आणि खाली उतरून गेला.

ती ट्रामच्या थांब्यावर पोचते न पोचते तोच फोन वाजला. नाओमी.

"तांते? झालं? मागणार का माफी?"

"सभेत नाही."

"बरं. आपल्या बाजूने किती जण होते?"

थाप मारता आली असती. पोरीला तेवढीच ऊब. हेर्मिनाने फोन या कानावरून त्या कानाला नेला.

"वर एक," ती म्हणाली. "जिन्यात पाच."