खुर्चीच्या पोटातली अंगठी

"हात लावू नका," सलूनवाला म्हणाला.

कुशनवाल्याचा हात अर्ध्यातच थांबला. केस कापायची ती जुनी, जड खुर्ची त्याच्या दुकानाच्या दारातच उघडी पडली होती. बैठकीचं रेक्झीन त्याने नुकतंच टराटरा फाडलं होतं, कुजका फोम उपसून बाजूला टाकला होता. खाली स्प्रिंगांच्या सांदीत केसांचा एक घट्ट गोळा बसला होता आणि त्यातून सोन्याची कड चमकत होती. अंगठीच होती.

कुशनवाल्याला भलतीच मौज वाटली. खुर्ची तुझी, मग तिच्या पोटातलंही तुझंच, असा त्याचा सरळ न्याय. भंगारवाल्याकडून खुर्ची घेताना आत काय आहे ते कुणी विचारतं का? नशीब उघडलं समज आणि टाक खिशात, असं म्हणता म्हणता त्याची नजर गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर गेली. शर्टाला खिसा नव्हता. पँटलाही नव्हता. शिंपी विसरला की कापड कमी पडलं, अशी त्याने चेष्टा केली.

सलूनवाला हसला नाही. ही खुर्ची आपल्या जुन्या मालकांच्या दुकानातली, असं तो हळूहळू सांगू लागला. हिच्याच मागे उभा राहून तो कात्री धरायला शिकला. एकदा वखारवाला हिच्यात दाढीला बसला आणि उठला तेव्हा त्याच्या बोटात अंगठी नव्हती. मालकांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, हाताखालच्या या पोराला खिसे उलटे करायला लावले. काही निघालं नाही. बाहेर कुणाकडे तरी पोचवली असेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि याला हाकललं. उलटे खिसे तसेच लोंबत ठेवून तो भर बाजारातून घरी गेला. ते आत घालायचं त्याला सुचलंच नाही. तेव्हापासून तो कपड्यांना खिसे शिवून घेत नाही.

मग नेऊन दे आणि मोकळा हो, असं कुशनवाल्याने सुचवलं.

"कसा देऊ? नेऊन दिली तर म्हणतील, इतकी वर्षं दडवली, आता पचेना. ठेवून घेतली तर चोर झालोच. तुम्ही फोन करा मालकांना. आणि ते येईपर्यंत त्या केसांना हात लावू नका."

मालक काठी टेकत आले. त्यांनी आधी खुर्ची ओळखली, मग माणूस. दोघांपैकी कुणीच नमस्कार केला नाही. चष्मा लावून त्यांनी सांदीत डोकावून पाहिलं आणि ताठ होत विचारलं, की ही आज सकाळीच कुणी आत सरकवली नसेल कशावरून?

कुशनवाला उसळला. रेक्झीन आपण फाडलंय, गंजके खिळे आपण उपटलेत, असं तो हातवारे करून सांगायला लागला. सलूनवाल्याने त्याला थांबवलं.

"मालक, केस बघा."

मालक पुन्हा वाकले. त्यांची उभी हयात केसांत गेली होती. त्यांनी गोळ्यावरून बोट फिरवलं. काळे, पांढरे, रंगवलेले, कुणा लहान पोराचे भुरे मऊ केस एकावर एक बसत गेले होते आणि दाबून दाबून त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर झाला होता. अंगठीच्या आरपार केस गेले होते. असा थर एका सकाळी कुणाला जमवता येत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. वर्षानुवर्षं त्यांच्याच गिऱ्हाइकांनी तो बसून बसून घट्ट केला होता.

त्यांनी खिशातून फणी काढली आणि गुंता सोडवायला घेतला. बराच वेळ लागला. गादीचे अभ्रे घेऊन आलेली एक बाई दारातच थांबून राहिली. शेवटी अंगठी सुटून मालकांच्या तळहातावर आली.

वखारवाल्याला भरपाई आपणच दिली होती, तेव्हा तसा तिच्यावर त्याचा हक्क उरला नाही, असं मालक खाली बघत पुटपुटले. पण खुर्ची आपण विकून टाकली. ज्याला सापडली त्यानेच ठेवावी. त्यांनी हात पुढे केला.

"नको, मालक. भरपाई तुम्ही दिलीत, अंगठी तुमची," सलूनवाला म्हणाला. "ती तुमच्या हातानं निघायला हवी होती, एवढंच. आणि मी ठेवू कुठं? मला खिसा नाही."

मालकांनी त्या शर्टाकडे पाहिलं. पाहतच राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला.

मग त्यांनी अंगठी खुर्चीच्या हातावर ठेवली. फणी तिच्या शेजारी ठेवली. काठी भिंतीला टेकवली आणि पँटचा उजवा खिसा बाहेर ओढून उलटा केला. घराची किल्ली निघाली, ती त्यांनी फणीजवळ ठेवली. डाव्या खिशातून तुरटीचा झिजलेला खडा निघाला. दोन्ही खिशांची पांढरी अस्तरं बाहेर लोंबत होती. कुशनवाल्याने मान वळवली. दारातली बाई वाट सोडून बाजूला झाली.

"मालक, हे कशाला," म्हणत सलूनवाल्याने किल्ली त्यांच्या मुठीत दिली, काठी हातात दिली.

मालक पायरी उतरले. त्यांचं घर मागच्या गल्लीने जवळ होतं. ते तिकडे वळले नाहीत.

"खिसे," सलूनवाला मागून म्हणाला. "मालक, खिसे आत घाला."

"राहू दे," मालक म्हणाले. "मी बाजारातून जाणार आहे."