पाण्याचा रकाना

दुपारी दोनपर्यंत नऊ टँकर भरून गेले. प्रत्येक टँकर बारा हजार लिटरचा. विहिरीच्या काठावर घागरी एकतीस, लिंबाखाली मेंढरं एकशे तीस, वस्तीत घरं अकरा. काठापासून पाण्यापर्यंत तेरा मीटर ऐंशी सेंटिमीटर, तिथून तळापर्यंत चार मीटर वीस.

प्रांजलीनं आकडे वहीत लिहिले आणि वजन बांधलेली टेप गुंडाळली. कंपनीत लागून तिला चार महिने झाले होते. मुख्य कार्यालयाची इमारत किती कार्बन हवेत सोडते ते मोजायचं आणि कमी करायचं, हे तिचं काम. दिवे, एसी, लिफ्ट, जनरेटर मोजून झाले होते. राहिले होते टँकर. ते कुठून येतात हे कार्यालयात कुणालाच सांगता येईना, म्हणून सकाळी ती स्कूटीवरून एका टँकरमागे निघाली आणि लासूर स्टेशनच्या रस्त्यावरच्या या मेंढपाळ वस्तीत पोचली.

"मेंढरं बी मोजलीस?" वस्तीतल्या बानाबाईनं विचारलं. "त्यांचा बी धूर निघतो का?"

"निघतो थोडासा."

"घ्या. म्हंजी गुन्हेगार आम्हीच."

टँकरचा ड्रायव्हर हनुमान पाइप काढता काढता म्हणाला, "मॅडम, उतारावर मी गाडी न्यूट्रल करतो. तेवढं डिझेल वजा करा."

"चढावर जास्त जातं ते मिळवू का, हनुमानदादा?"

"मग ऱ्हाऊ द्या. फिटंफाट."

बानाबाई हसली नाही. "पोरी, विहीर साहेबरावाची. मालक गारखेड्यात ऱ्हातो, तिकडूनच पाणी इकतो. आमच्या सासऱ्याच्या काळापासून इथं पाणी भरायला कुणी नाय म्हणलं नाय. पण ह्या गाड्या लागल्या अन् दोन महिन्यात सात पायऱ्या उघड्या पडल्या. मृगापर्यंत पुरलं तर मेंढरं ऱ्हातील. नाय तर वैजापूरचा बाजार."

कंपनीच्या फाटकातून आत येताना प्रांजलीला हिरवळीवर पाण्याचे फवारे फिरताना दिसले. दिवसातून दोनदा फिरत. ती तशीच सोमनाथ सरांच्या केबिनमध्ये गेली. इमारतीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती.

"टँकर कंत्राटदाराचे," ते म्हणाले. "ते आपल्या हिशोबात येत नाहीत."

"पाणी आपण वापरतो, सर. आणि ते उपसून तिथली विहीर संपत चालली आहे. अकरा घरं आहेत."

"प्रांजली, मी काही दगड नाही. पण या अहवालात पाण्याचा रकानाच नाही. कार्बनमध्ये बसेल ते बोल."

ती रात्रभर नाही, पण संध्याकाळभर धुमसत राहिली. हिरवळीसाठी वस्तीचं पाणी उपसायचं, आणि ते लिहायला एक रकाना नाही. ठीक आहे. कार्बनमध्ये बसवू.

जायचे आठ किलोमीटर, यायचे आठ. खेपेला चार लिटर डिझेल. रोजच्या नऊ खेपा, महिन्याचे सव्वीस दिवस. महिन्याला अडीच टन कार्बन. अख्ख्या इमारतीच्या जनरेटरपेक्षा जास्त.

"हा आकडा नसेल तर अहवालावर माझी सही नसेल," तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

सोमनाथ सरांनी कागद दोनदा वाचला. "नोकरीला लागून चार महिने झाले ना तुला?"

"चार महिने सहा दिवस, सर."

आकडा अहवालात गेला. बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, सगळ्यात लवकर घट कुठं करता येईल? प्रांजली उभी राहिली आणि म्हणाली, टँकर. पंधरा मिनिटं ती फक्त टँकरवर बोलली. कुणी विरोध केला नाही. पाणी हा शब्द तिनं एकदाही उच्चारला नाही.

त्या संध्याकाळी हनुमानच्या फोनवरून बानाबाई बोलली.

"कागदात आमचं पाणी लिवलंस का?"

"पाण्याला रकाना नाही, मावशी. पण गाड्या लिहिल्यात. गाड्या थांबल्या की उपसा थांबलाच."

"थांबत्याल?"

"थांबतील. शब्द देते."

"बघ बाई. तुझ्या शब्दावर आम्ही मेंढरं ठिवतो. व्यापारी दारात उभा हाय, त्याला माघारी लावते."

दुसऱ्याच आठवड्यात प्रांजलीला पुण्याच्या इमारतीच्या मोजणीसाठी पाठवलं. काम सहा आठवडे चाललं. पाचव्या आठवड्यात सोमनाथ सरांचा निरोप आला: शेवटचा टँकर काल गेला. अडीच टन पूर्ण वाचले. वरून तुझं नाव घेऊन कौतुक झालं. तिनं तो निरोप आईला वाचून दाखवला.

परतल्यावर पहिल्याच रविवारी ती वस्तीवर गेली. रस्त्यावर टँकरच्या चाकोऱ्या बुजत आल्या होत्या. अकरापैकी आठ घरांना कुलपं होती. बानाबाई दारात बसून दावणीच्या दोऱ्या गुंडाळत होती.

"मावशी, गाड्या थांबल्या ना?"

"व्हय. एक बी येत नाय."

"सांगितलं होतं मी."

"सांगितलं व्हतंस."

"आणि मेंढरं? चरायला गेली?"

"व्यापारी फिरून आला." तिनं दोरीला गाठ मारली. "पहिल्या टायमाला माघारी लावला, म्हून आता निम्म्यात घेतली."

"पण गाड्या तर बंद झाल्या."

बानाबाईनं मान वर केली नाही. "विहिरीकडं जा. तुझं माप घिऊन ये."

काठावर सौर पॅनेलच्या चार रांगा होत्या. विहिरीतून हाताएवढा जाड काळा पाइप वर येऊन जमिनीत शिरला होता आणि त्याच्यावरची ताजी माती सरळ रेषेत कंपनीच्या दिशेनं गेली होती. खांबावर फलक होता: शून्य उत्सर्जन पाणीपुरवठा. ऊन कडक होतं, पण मोटर बंद होती. प्रांजलीनं टेप सोडली. अठरा मीटरवर वजन खडकाला लागलं. वर ओढलेली टेप शेवटापर्यंत कोरडी होती.