पस्तीस सेकंद

अकरा वर्षं दर रविवारी कुमुदिनीबाई त्या जाड काचेपाशी तासभर उभ्या राहत आणि आतल्या यजमानांना घरची खबरबात सांगत. त्यांच्या आजारावर औषध निघेपर्यंत त्यांना मंदकाळाच्या खोलीत ठेवलं होतं. आत काळ कोटीपट सावकाश चालतो, एवढं बाईंना ठाऊक होतं. पण कोटी म्हणजे नेमकं किती, हे कधी मनात उतरलं नव्हतं.

"सिस्टर, ते माझ्याकडेच बघतायत ना गं?"

नव्याने आलेली फिलोमिना घुटमळली. "आजी, आपले एकशे सोळा दिवस म्हणजे त्यांचा एक सेकंद. तुमचा तासभर त्यांना दिसतच नाही. दिसायचं तर बारा दिवस इथून हलायचं नाही."

"म्हणजे इतकी वर्षं भिंतीशीच बोलले म्हण की." बाई कसनुशा हसल्या. "बसते बारा दिवस. घरी कोण वाट बघतंय?"

फिलोमिनाने खुर्ची आणली. बसता बसता काचेत स्वतःचे पांढरे केस दिसले, तशा बाई थबकल्या.

"हे दार लागल्याला त्यांच्या हिशेबाने किती वेळ झाला गं?"

"पस्तीस सेकंद."

बाईंनी भेटीचा पास पुढे केला. "दार लागलं त्या दिवशीचा फोटो आहे यावर. मोठा करून देशील?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फोटो खुर्चीवर नीट टेकवला. स्वतः मात्र काचेखाली, यजमानांना दिसणार नाही अशा बेताने, जमिनीवर बसून राहिल्या. बाराही दिवस.