मागच्या रांगेतला धूर

संघ हरला की शिंपीकाकांच्या डोळ्यांना धार लागायची. लेकीचं लक्ष गेलं, की ते वळून मागच्या रांगेवर खेकसायचे, "लेको, किती धूर काढता! डोळे चुरचुरले माझे!"

यंदा स्टेडियममध्ये सिगारेटबंदी आली आणि धूर औषधालाही उरला नाही. नेमका फायनललाच शेवटच्या मिनिटाला आपल्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला आणि जाळ्यात गेला.

"बाबा, रडताय?" लेकीने विचारलं.

"छे! कोणीतरी चोरून ओढतंय," काका गरजले. "अहो वॉचमन, बघा जरा!"

वॉचमन धावत आला. त्याने सगळी रांग न्याहाळली. कुणाच्याच हातात काही नव्हतं.

 

बाहीने डोळे पुसत तो म्हणाला, "खरंय काका. मघापासून माझेही चुरचुरतायत."