एकशे ऐंशी ग्रॅम

उद्याच्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतीसाठी कुवाबाराचं वजन एकसष्ट किलोच्या आत हवं होतं, नाहीतर लढत रद्द. आज जिथे वजन तपासणार होते त्या सभागृहाशेजारच्या सार्वजनिक स्नानगृहात तासभर घाम गाळून तो बरोबर एकसष्टवर आला. निघताना गल्ल्यावरच्या तोमिए आजींनी थंडगार दुधाची बाटली दोन्ही हातांनी पुढे केली.

"किती वाळलायस रे बाळा! माझ्याकडून घे. पी बघू."

दोन्ही हातांनी दिलेलं नाकारायचं कसं? तो वाकला आणि प्यायला.

सभागृहातल्या काट्यावर एकशे ऐंशी ग्रॅम जास्त भरले. शरमेने त्याने प्रतिस्पर्धी इनागाकीपुढे कमरेत वाकून माफी मागितली.



इनागाकी त्याच्याहून खाली वाकला आणि कुजबुजला, "माझंही तेवढंच जास्त भरलंय. त्या आजी तुम्हालाही 'बाळा' म्हणाल्या का?"