काउंटरवरचं ‘नाही’

काउंटरवरच्या बाईने आईचा पासपोर्ट उघडला, तारखेवर बोट टेकवलं आणि कपाळाला बारीकशी आठी घातली. रेडिओचं काळीज उडालं. भीतीने नव्हे, आशेने. ‘नाही म्हण,’ ती मनातल्या मनात त्या बाईच्या मागे लागली. ‘तुला काय हवं ते देते, पण नाही म्हण.’

रेडिओ हे तिचं घरातलं नाव. सकाळी सुरू झाली की झोपेपर्यंत चालूच. आज मात्र घरापासून विमानतळापर्यंत तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. “बॅटरी गेली वाटतं,” बाबा म्हणाले होते. कुणी हसलं नव्हतं.

आई परदेशात एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायची. त्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, झोपेत कूस बदलून द्यायची. दोन वर्षांतून एकदा घरी यायची, दोन महिने राहायची, जायची. बाबांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. पण हल्ली कुणाची यंत्रं बिघडतच नव्हती, कारण कुणी शिवतच नव्हतं. म्हणून आईने जायचं, हे ठरलेलं. पहिल्या खेपेला रेडिओ चार वर्षांची होती. तिने आईच्या पायांना मिठी मारून ‘नको जाऊ’चा असा घोशा लावला की आई दारातच मटकन खाली बसली. बाबांनी आईला अक्षरशः उचलून गाडीत घातलं होतं. तेव्हापासून त्या घरात ‘नको जाऊ’ कुणी म्हणत नसे आणि ‘मला जायचं नाही’ असंही कुणी म्हणत नसे. असं कुणी ठरवलं नव्हतं. पाळत मात्र तिघंही होते.

मग मागच्या महिन्यात शाळेत मैत्रिणीने आपल्या मामाची फजिती सांगितली. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली होती, म्हणून मामा विमानतळावरून बॅगांसकट घरी. सगळ्या जणी खो खो हसल्या. रेडिओ हसली नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, “अहो, पासपोर्ट आत्ताच नवा करून घेऊ, की तिकडे गेल्यावर?”

“तिकडेच कर की,” बाबा ताटातून मान वर न काढता म्हणाले. “मुदत आहे अजून. घाई काय एवढी?”

रेडिओने तोंडात मोठा घास कोंबला. तोंड रिकामं राहिलं असतं तर ते बोललं असतं.

“सॉरी मॅडम,” काउंटरवरची बाई आता म्हणत होती. “किमान सहा महिने मुदत हवी. तुमचे साडेतीनच उरलेत. नाही जाता येणार.”

“आधी सांगायला नको का?” बाबा म्हणाले, तेही पडेल आवाजात. मग “तिकिटाचं काय होतं ते बघून येतो” म्हणत दुसऱ्या खिडकीकडे गेले. खांदे पाडून, पाय ओढत.

रेडिओला वाटलं होतं, आता आपण आतल्या आत नाचू. पण बाबांची ती पाठमोरी चाल पाहिली आणि तिचा बांध फुटला.

“आई, मला माहीत होतं. ते सहा महिन्यांचं. मी मुद्दाम नाही सांगितलं.”

आई बाकावर बसली होती. ती रागावली नाही. तिने पायाशी ठेवलेल्या बॅगेची चेन हातभर उघडली. आत उशी होती. तिच्याखाली दुसरी उशी. बाकी काही नाही.

रेडिओने हात घालून तळापर्यंत चाचपून पाहिलं.

“इतक्या वेळा गेले-आले,” आई हळूच म्हणाली. “मला माहीत नसेल होय गं?”

“आणि सोडलं असतं तर?”

“तर उशा घेऊन गेले असते.” आईला हसू आलं, पण ते अर्ध्यातच मोडलं. “नवा पासपोर्ट येईपर्यंत जे दिवस मिळतील ते आपले. मग जायचंच आहे. त्या बाई दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाहीत, तिकडे वाट बघत असतील. आणि हे बघ, बाबांना यातलं काही कळता कामा नये. मी तिकडे एकटी राहते हेच त्यांनी किती जिवाला लावून घेतलंय. मला जायचं नव्हतं हे कळलं तर खचतील ते.”

रेडिओने बाहीला नाक पुसलं आणि मान हलवली. आईने चेन पुन्हा ओढून घेतली.

बाबा परत आले. “नवा झाला की पुढची तारीख देतील,” असं जमिनीकडे बघत म्हणाले आणि बाहेर चालू लागले. दाराशी टॅक्सींची रांग होती. पहिल्या टॅक्सीवाल्याने “कुठे जायचंय?” म्हणून विचारलं, पण बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सगळी रांग मागे टाकून ते थेट पार्किंगच्या टोकाला गेले. तिथे भिंतीच्या सावलीत, त्यांना घरून घेऊन आलेली टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर सीट मागे पाडून पेपर वाचत होता. तिघांना पाहून तो उतरला आणि त्याने डिकी उघडली.

“काका, तुम्ही अजून इथेच?” रेडिओने विचारलं.

“मग?” बॅग आत ठेवत तो म्हणाला. “तुम्ही दोघी पुढे गेलात तेव्हा साहेब सांगून गेले ना, थांबा म्हणून. तिघंही परत येणार आहोत म्हणाले.”