डेल्विनचा ॲक्सल

डेल्विनने पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि जीप मागे गेली. गॅरेजच्या भिंतीला टेकूनच थांबली. फळीवरचे रंगाचे दोन डबे घरंगळत खाली आले. त्याने दुसरा गियर टाकला. जीपने भिंतीला आणखी एक ढुशी दिली.

शनिवारची सकाळ होती. ॲरिझोनाच्या उन्हात, अंगणात घडीच्या खुर्च्या टाकून जीप क्लबची मंडळी बसली होती. त्यांतला होबार्ट म्हणाला, "डेल्विन, टेकडी इकडे आहे रे बाबा."

लाल दगडांची टेकडी समोरच दिसत होती. आणि गॅरेजच्या दारात नेडीनची सुटकेस उभी होती.

"शनिवारी बारापर्यंत ही जीप मला त्या माथ्यावर घेऊन गेली तर राहीन," तिने नवऱ्याला बजावलं होतं. "नाहीतर मी चालले टूसॉनला, बहिणीकडे. तू आणि तुझा ॲक्सल सुखाने नांदा."

या ॲक्सलपायी सहा वर्षं गेली होती. मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं फिरवणारा आस, चार दांड्यांवर असा तोलायचा, की एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमीन सोडणार नाही, एवढंच डेल्विनचं म्हणणं होतं. बाजारातलं तयार त्याला पसंत पडेना. दांड्यांचे कोन त्याने आधी नेडीनच्या विणायच्या सुयांनी मांडून पाहिले, मग कच्च्या स्पॅगेटीने. फ्रिजच्या दारावर आकडे लिहिले. शेवटी ॲक्सलच जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला, आणि नाताळचे पाहुणे त्याच्या दोन्ही बाजूंना बसून जेवून गेले. नेडीनच्या वडिलांनी जन्मभर ट्रक दुरुस्त केले होते, पण तिला काही विचारावं असं डेल्विनच्या कधी मनात आलं नाही. ती रोज संध्याकाळी थंड चहा आणून ठेवी, ॲक्सलकडे एकदा बघे आणि निघून जाई.

डेल्विन जीपखाली शिरला, तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. पाठ दुखते म्हणून वेल्डिंगच्या वेळी त्याने गाडीचा सांगाडा उलटा करून ठेवला होता. ॲक्सल मात्र सुलटाच जोडला होता. सांगाडा सरळ केला तेव्हा ॲक्सल उलटा झाला, आणि चाकंही उलटी फिरू लागली. पुढे नेणारे चारही गियर आता मागे नेत होते. दांड्यांचे कोन तेवढे अचूक होते.

"सगळं कापावं लागेल," तो खालूनच म्हणाला. "दोन वर्षं दे मला, नेडीन."

होबार्टने हॅट काढून मांडीवर ठेवली.

डेल्विनला फक्त तिचे बूट दिसत होते. ते सुटकेसपाशी गेले, परत आले, आणि सुटकेस धप्पकन जीपमध्ये पडली.

"बाहेर ये," नेडीन म्हणाली, "आणि रिव्हर्स टाक."

जीप पुढे निघाली. पायी चालणाऱ्याच्या वेगाने, कुरकुरत, पण पुढे. रिव्हर्स हा सगळ्यात मंद आणि सगळ्यात ताकदीचा गियर, चढाला तसाच लागतो. मोठ्या दगडावर उजवं चाक चढलं, तरी डावं जमिनीला धरून राहिलं. डेल्विनचे डोळे भरून आले.

बाराला पाच कमी असताना ते माथ्यावर होते. नेडीनने सुटकेस उघडली. आत एकही कपडा नव्हता. सँडविच होती, थंड चहा होता आणि दोन ग्लास.

डेल्विनने सुटकेसमध्ये डोकावून पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"तेल काढायचं झाकण खाली असतं, ते वर छताकडे तोंड करून होतं. तीन वर्षं बघतेय."

"तीन वर्षं? मग सांगितलं का नाहीस?"

नेडीनने त्याच्या हातात ग्लास दिला.

"सांगितलं असतं, तर तू ते दुरुस्त करत बसला असतास."